टेम्पोचं तोंड कुठे होतं?

माझ्या आईने शेजारीपाजारी सांगून ठेवलंय की मी 'पोलिसांना शिकवते'. काय शिकवते, ते ती सांगत नाही. त्यामुळे बदलापूरला, बेलवलीच्या आमच्या सोसायटीत माझ्याबद्दल दोन मतं आहेत. वरच्या मजल्यावरच्यांना वाटतं मी कराटे शिकवते आणि तळमजल्यावरच्या काकूंना वाटतं इंग्लिश. कराटेवालं मत मी खोडून काढत नाही. लिफ्टमध्ये लोक जरा अंतर ठेवून उभे राहतात, ते मला बरं पडतं.

खरं काम दोन्हीपेक्षा रुक्ष आहे. रस्त्यावर अपघात झाला की तो नेमका कसा झाला हे मागे राहिलेल्या खुणांवरून मांडायचं, आणि असं मांडायला पोलिसांना शिकवायचं. मी इंजिनिअर आहे. ज्या छोट्याशा कंपनीत लागले तिला हे वर्ग घ्यायचं काम मिळालं, आणि ऑफिसात 'मराठी येणारं कोण आहे?' असं विचारल्यावर कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. माझं मराठी घरातलं. शाळा इंग्लिश मीडियम. म्हणजे भांडण, भाजी आणि नातेवाईक या तीन विषयांवर मी मराठीत अस्खलित बोलू शकत होते. अपघात हा चौथा विषय होता.

पहिल्या वर्गाला उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर, तिन्हीकडचे पोलीस होते. मी चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं तरी दाराकडे बघणारी. तेव्हाच मला खडूचा शोध लागला. हातात खडू असला की आपण फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उभं राहू शकतो आणि लोकांना वाटतं आपण शिकवतोय. मी इतकी चित्रं काढली की माझं नावच पडलं, खडू मॅडम. नाव पडण्याला एक व्यावहारिक कारणही होतं. वर्गात एक खऱ्या मॅडम होत्या, उपनिरीक्षक गावंडे. अकोल्याहून नुकत्याच बदलून आलेल्या, उंच, हजरजबाबी. त्यांना नुसतं 'मॅडम' म्हणायचे आणि मला खडू लावून.

आमच्या शास्त्रातलं बरंचसं कोणालाही समजेल असं आहे. जोरात ब्रेक मारला की चाक अडकतं आणि रबर रस्त्यावर घासत जातं. ती काळी रेघ सुरुवातीला फिकट असते, पुढे गडद होत जाते. म्हणजे फिकट टोकाकडून गाडी आली आणि गडद टोकाला थांबली. धडक बसते त्या जागी मडगार्डखालची वाळलेली माती धपकन खाली पडते. गाडी निघून जाते, माती तिथेच राहते. आणि दिव्याची काच फुटली की ती गाडीच्या पुढे उडते. मागे नाही. गाडी थांबली तरी काचेला ते कोणी सांगितलेलं नसतं, ती आपल्या वेगात पुढे जाते.

हे सगळं रस्त्यावर लिहिलेलं असतं, फक्त वाचायला मिळत नाही. कारण आपली माणसं चांगली आहेत. अपघात झाला की कोणीतरी धावत पाणी आणतं. अर्धं जखमीला पाजतं, अर्धं रस्त्यावर ओततं. दुसरा कोणीतरी झाडू आणून काचा गोळा करतो, कोणाचा टायर फुटू नये म्हणून. बाकीचे मिळून गाड्या ढकलत कडेला नेतात, कारण मागे हॉर्न चालू झालेले असतात. पोलीस पोचतात तेव्हा रस्ता लग्नाच्या मांडवासारखा झाडूनपुसून तयार असतो. म्हणून माझ्या वर्गाच्या पहिल्या धड्यात गाडी, वेग, गणित यातलं काहीच नसतं. पहिला धडा: झाडू थांबवा.

दुसरा धडा दिशांचा. तिथे मीच नापास झाले.

अपघाताच्या जागेचा नकाशा काढताना उत्तर कुठे ते आधी दाखवावं लागतं. मी फळ्यावर उत्तर वर, दक्षिण खाली असं काढलं आणि कोपऱ्यांची नावं लिहायला घेतली. ईशान्य बरोबर आलं. पुढे आग्नेय आणि नैऋत्य यांची मी अदलाबदल केली. वर्गात खोकल्याची साथ आली. मागच्या बाकावरून म्हात्रे हवालदार उठले. बदलापूरचेच, जन्म इथला, घरदार इथलं, निवृत्तीला आलेले, पोटावरचा पट्टा नेहमी सैल.

"मॅडम, आग्नेय म्हणजे किचन," ते म्हणाले.

"काय?"

"घरामदे किचन कुठं पायजे? आग्नेयेला. देवघर ईशान्येला. आणि नवराबायकोची खोली नैऋत्येला. तुमी किचनमदे पलंग टाकलाय."

त्या दिवसापासून वर्गाला दिशा पाठ झाल्या, माझ्यासकट. अंबरनाथच्या एका शिपायाने सरावाच्या अपघाताचं वर्णन असं केलं: "ट्रक बेडरूममधून निघाला, हॉल ओलांडला आणि देवघराला धडकला." मी त्याला पूर्ण गुण दिले. नकाशा अचूक होता.

उल्हासनगरवाल्यांचं मात्र म्हणणं पडलं की त्यांना दिशांची गरजच नाही. तिकडे शहराचे भागच नंबरांचे, कॅम्प एक ते कॅम्प पाच. माणूस कुठेही तोंड करून उभा असला तरी तीन नंबर तीन नंबरच. मला तेव्हा ते नुसतं गमतीचं वाटलं होतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले तिच्याकडे येते.

त्या वर्षी वर्ग बदलापूर पूर्वेला पोलीस ठाण्याच्या वरच्या हॉलमध्ये भरायचा. खाली आवारात जप्त केलेल्या गाड्या उभ्या असत. धूळ खात, टायर बसलेल्या. त्यात एक टेम्पो मात्र चकचकीत होता. उजवीकडचा दिवा फुटलेला, बंपर वाकलेला, पण समोरची काच रोज पुसलेली. पुसणारा माणूसही रोज दिसायचा. सडपातळ, चाळिशीचा, गळ्यात पंचा. काच पुसून झाली की पंचा झटकायचा आणि टेम्पोच्या सावलीत बसून राहायचा.

त्याचं नाव गणपत निरगुडे. वांगणीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला ठाकर आदिवासींची वाडी आहे, तिथला. वाडीत गाडी चालवायचं लायसन्स काढणारा तो पहिला माणूस. हे मला म्हात्रेकाकांनी सांगितलं. मी त्यांना 'साहेब' म्हणत होते, त्यांनीच 'काका म्हणा' असा हुकूम दिला होता.

टेम्पो गणपतचा नव्हता. मालक उल्हासनगरचे दौलतशेठ, सिंधी, फर्निचरवाले. तेही अधूनमधून यायचे, सोफ्याचं माप घ्यावं तशी टेम्पोभोवती फेरी मारायचे आणि दिसेल त्याला विनवायचे. एकदा मलाच जिन्यात गाठलं.

"साईं, मॅडम, आपण बड्या ऑफिसर ना? माझा टेम्पो सोडवा. धंदा बैठ गया."

"मी ऑफिसर नाही. मी शिकवते."

"तो मग यांना शिकवा ना, कि टेम्पो छोड़ दो!"

"आणि ड्रायव्हर?"

दौलतशेठ एक पायरी खाली उतरले. "आदमी अच्छा है. पण बोलत नाही. राँग साइडची केस आहे मॅडम, लायसन्स जाणार बोलतात. बिना लायसन्स ड्रायव्हर मी काय करू? शोकेसमध्ये ठेवू?"

केस अशी होती. पूर्वेला रेल्वेच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका मेडिकल दुकानासमोर गणपतचा टेम्पो आणि एक स्कूटर समोरासमोर धडकले होते. स्कूटरवर खरवईचा सागर नावाचा मुलगा, आनंदनगरच्या कारखान्यातून ड्यूटी संपवून येत होता. त्याचा पाय मोडला होता. कागदावर गणपत चुकीच्या बाजूने टेम्पो चालवत होता. ते सिद्ध झालं तर लायसन्स तर जाणारच होतं, वर तुरुंगाचीही शक्यता होती. आरोपपत्र तयार होत आलं होतं.

मला हे सगळं कळलं कारण मी वर्गाला म्हटलं होतं, सरावासाठी एक जुनी, निकाल लागलेली फाइल आणा. म्हात्रेकाकांनी आणली ती ताजी निघाली. पंचनामा त्यांच्याच हातचा होता.

"काका, ही तर चालू केस आहे."

"जुन्या फायली वरच्या कपाटात हायेत, मॅडम. माझे गुडघे त्याच्यापेक्षा जुने."

मी गावंडे मॅडमकडे पाहिलं. तपास त्यांच्याकडेच होता. त्यांनी मान हलवली. "घ्या की. सोपी केस आहे, पोरांना जमेल."

दुसऱ्या दिवशी आम्ही फरशीवर खडूने रस्ता काढला. नकाशा गावंडे मॅडमचा होता, आणि उत्तम होता. फोनवरचं होकायंत्र लावून त्यांनी उत्तर पक्की केली होती, मेडिकल, वडापावची गाडी, विजेचा खांब सगळं जागच्या जागी. गाड्या मी उल्हासनगरच्या बाजारातून आणल्या होत्या, खेळण्यातल्या. टेम्पो मिळाला नव्हता म्हणून त्याचं काम आगीच्या लाल बंबाकडे होतं, शिडीसकट.

फोटो पाहिले. गाड्या अर्थातच आधीच कडेला ढकललेल्या. ब्रेकची खूण होती, पण तिच्यावर गर्दी उभी होती, फोटोत नुसत्या चपला. एक गोष्ट मात्र वाचली होती. वडापाववाल्याकडचा झाडू त्या दिवशी मोडलेला असावा, कारण दिव्याच्या काचा जशाच्या तशा पडलेल्या होत्या. मेडिकलसमोर जाडसर आणि तिथून पुलाच्या बाजूला, वडापावच्या गाडीपर्यंत पातळ होत गेलेल्या.

अंबरनाथच्या शिपायाने पंचनामा वाचला: "सदर टेम्पो पश्चिमेकडे जात असताना..." गावंडे मॅडमनी बंब उचलला आणि पश्चिमेकडे तोंड करून मेडिकलसमोर ठेवला. पूल पूर्वेला, म्हणजे बंबाच्या पाठीमागे. मेडिकल रस्त्याच्या उत्तरेला. पश्चिमेकडे जाणाऱ्याने दक्षिणेची कड धरायला हवी आणि हा तर मेडिकलच्या दारात. सरळ राँग साइड.

"झालं," त्या म्हणाल्या.

"काच?" मी विचारलं. फार हळू विचारलं, पण हॉलमध्ये आवाज घुमतो.

सगळे फरशीकडे बघायला लागले. काचा बंबाच्या मागे पसरल्या होत्या.

आमच्या वर्गात हार मानायची पद्धत नाही. एकाने सुचवलं की काच रस्त्यावर आपटून उसळी मारून मागे गेली. दुसरा म्हणाला वारा. तिसऱ्याने टेम्पो रिव्हर्समध्ये होता असं मांडलं आणि बंब उलटा चालवूनही दाखवला. "मग दिवा मागं लावला होता का?" म्हणून त्याला सगळ्यांनी बसवलं.

"काच चुकत नाही," मी म्हटलं. "टेम्पो पुलाकडे चालला होता."

"शक्यच नाही," गावंडे मॅडम म्हणाल्या. "पंचनाम्यात पश्चिम आहे. ड्रायव्हरचा जबाब मी स्वतः घेतला. 'पश्चिमेला जात होतास का?' 'हो.' तीनदा विचारलं. तीनदा हो."

"मंग बरोबरच हाय," म्हात्रेकाका म्हणाले. "मी पन त्याला तेच इचारलं. पश्चिमेलाच चाललेला तो. शंभर टक्के."

आणि हे म्हणताना त्यांचा हात वर गेला. फरशीवरच्या नकाशाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. हात खिडकीबाहेर गेला, स्टेशनच्या दिशेला.

मी कमी बोलते त्यामुळे मला लोकांचे हात बघायला भरपूर वेळ मिळतो. तो हात पाहिला, मग फरशीवरचा बंब. फाइल मीही आदल्या दिवशी घरी वाचली होती. मला एकाही शब्दात खटकलं नव्हतं. कसं खटकणार? मीही बदलापूरची.

उभं राहून ते सांगायचं धैर्य मला झालं नाही. मी फक्त बंब उचलला आणि म्हात्रेकाकांच्या हातात दिला. "काका, तुम्ही ठेवा."

त्यांनी गुडघा धरत वाकून बंब ठेवला. तोंड पुलाकडे.

"अहो, हे काय!" गावंडे मॅडमनी तो फिरवला. "पश्चिम इकडे."

"तिकडं कुठं मॅडम? तिकडं तं शेतं हायेत." काकांनी परत फिरवला. "पश्चिम पुलावरनं."

"पुलावरनं? पूल पूर्वेला आहे बाप्पा!"

"पूल पूर्वेला नाय, पूल पूर्वेमदे हाय. त्याच्यावरनं पश्चिमेला जातात. वेस्ट. बेलवली. आता ह्या खडू मॅडमनाच इचारा, रोज कुठनं येतात."

बंब तिसऱ्यांदा फिरता फिरता गावंडे मॅडमच्या हातातच राहिला.

ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे सूर्य कुठेही उगवो, पूर्व आणि पश्चिम रेल्वेचे रूळ ठरवतात. रुळांच्या या बाजूला जन्मलेला माणूस पूर्वेचा, त्या बाजूचा पश्चिमेचा. पश्चिमेला जायचं म्हणजे रूळ ओलांडायचे. आणि मेडिकलच्या बाजूने पुलावर चढायचं तर आधी काही अंतर चक्क उलटं, सूर्याच्या पूर्वेला जावं लागतं, मग वळसा घेऊन पूल. म्हणजे बदलापूर पश्चिमेला निघालेल्या प्रत्येक गाडीचं तोंड मेडिकलपाशी पूर्वेला असतं. म्हात्रेकाकांनी बदलापूरकराची पश्चिम लिहिली होती. गावंडे मॅडमनी अकोल्याच्या माणसाला समजते ती पश्चिम काढली होती. दोघांनीही खरं तेच लिहिलं होतं. दोन खऱ्यांच्या मध्ये गणपत सापडला होता.

"आणि मी त्याला तीनदा विचारलं," गावंडे मॅडम हळूच म्हणाल्या. मग एकदम कपाळावर हात मारून, "मले काय मालूम तुमची पश्चिम पुलावरून जाते म्हणून!"

मागून उल्हासनगरचा आवाज आला. "म्हणून सांगत होतो, नंबर द्या. कॅम्प चार कधी फिरत नाही."

हसले सगळे, पण फार नाही.

काच एकटी पुरत नाही. मोठ्या साहेबांपुढे जायचं तर जागेवर जाऊन सगळं पुन्हा मांडायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग टेप आणि खडू घेऊन मेडिकलसमोर हजर. गणपतलाही बोलावलं होतं. इतके पोलीस बघून त्याने पंचा गळ्यातून काढून हातात घेतला, सुतकाला आल्यासारखा.

गावंडे मॅडमनी त्याला मुद्दाम तोच प्रश्न विचारला. "कुठे चालला होतास?"

"पश्चिमेला, सायेब."

"बोटाने दाखव."

गणपतने हात वर केला आणि इमारतींच्या डोक्यावरून, रुळांपलीकडे, सरळ बेलवलीकडे बोट दाखवलं. पाखराने जावं तसं. त्या वाटेवर मेडिकल, तीन मजली इमारत आणि रेल्वेचे रूळ होते.

"अरे, टेम्पो का इमान?" म्हात्रेकाका ओरडले. "कुनाच्या गच्चीवरनं नेनार होतास?"

गणपत गोंधळला. आधीच कमी बोलणारा, आता ओठच मिटले. मला त्याचं फार बरोबर कळलं. शाळेत मराठीच्या बाईंनी उभं करून प्रश्न विचारला की माझंही हेच व्हायचं. उत्तर येत असायचं, प्रश्न कळत नसायचा. मी खडू पिशवीत टाकला आणि त्याच्या जवळ गेले.

"दादा, कुठे जायचं होतं ते राहू दे. धडक झाली तेव्हा टेम्पोचं तोंड कुठे होतं?"

"तोंड?"

"हो. बोनेट."

त्याचा चेहरा मोकळा झाला. "तोंड होय! तोंड तं त्या वडापावकडं." आणि तो बोलायला लागला. "मी माजे कडंनं चाललू व्हतू, बाय. मेडिकलचे बाजूनं. स्कुटरवाला पुलाकडनं आला, येकदम हलला, आन् माजे पुढ्यात. मी ब्रेक मारला. मी ह्यांना सांगनार व्हतू. पन ह्ये इचारतात पश्चिमेला का, मी म्हनतू हो. खोटं कसं सांगू?"

गावंडे मॅडमनी त्याचा जबाब पुन्हा लिहून घेतला. त्यात एकही दिशा नाही. 'वाहनाचे तोंड वडापावच्या गाडीकडे होते' असं लिहिलंय, आणि माझ्या मते तो तिन्ही शहरांतला सर्वात शास्त्रशुद्ध जबाब आहे.

उरला प्रश्न स्कूटर 'हलली' का. पुलाकडून येणाऱ्याच्या वाटेवर, मधल्या रेघेच्या जरा अलीकडे, गटाराच्या चेंबरचं लोखंडी झाकण होतं. रस्ता नवा झाला तेव्हा ते वर उचललेलं राहून गेलं असावं. अंबरनाथचा शिपाई त्यावर पोटावर झोपला आणि ओरडला, "मॅडम, ओरखडा!" कडेला ॲल्युमिनियमची चकाकती रेघ होती. स्कूटरच्या पुढच्या रिमवरचा पोचा मापून पाहिला, बसला. स्कूटर त्या कडेवर आदळून पलीकडे फेकली गेली होती, सरळ टेम्पोच्या दिव्यावर.

हे मोजत असतानाच एक रिक्षा थांबली आणि कुबडी घेऊन सागर उतरला. गावंडे मॅडमनी त्यालाही कळवलं होतं. विशीतला मुलगा. त्याला अपघातातलं काहीच आठवत नव्हतं, हॉस्पिटलचा पंखा सोडून. तो कुबडी टेकत खडूच्या रेघांच्या कडेकडेने फिरला. मग त्याने गर्दीतून नेमकं मलाच गाठलं.

"म्हणजे मॅडम, आता माझी चूक झाली का?"

याचं उत्तर आमच्या पुस्तकात आहे. मी तेच दिलं. "आम्ही फक्त अपघात कसा झाला ते सांगतो. चूक कोणाची ते आमचं काम नाही."

"घरी 'कसा' कोणी विचारत नाही ना. 'कोणाची' विचारतात. मम्मीला वाटतं मी मोबाईल बघत होतो."

शिकवताना मी हे वाक्य किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल, आणि लिहिताना नेहमी खाली एक ठळक रेघ ओढते. त्या रेघेच्या खाली सागरसारखी माणसं उभी असतात हे लक्षात आलं नव्हतं. मी त्याला हाताला धरून चेंबरपाशी नेलं, ओरखडा दाखवला. त्याने फोनवर त्याचा फोटो काढला.

"हा मम्मीला दाखवतो," तो म्हणाला. मग गणपतकडे वळला. "काका, लागलं नाही ना तुम्हाला?"

गणपतने मान हलवली. "तुजा पाय कसा हाय?"

"खाज येते प्लास्टरमध्ये."

"फुटपट्टी घाल आत," गणपत म्हणाला. दोघांमध्ये या केसबद्दल झालेलं हे संपूर्ण संभाषण.

चेंबरमध्ये म्हात्रेकाकांनी तोवर झाडाची फांदी खोचून तिला लाल फडकं बांधलं होतं. नवा नकाशा, नवा जबाब, ओरखड्याचं माप, सगळं मोठ्या साहेबांकडे गेलं. त्यांनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले आणि विचारलं, "यात आपलं ठाणं पूर्वेला आहे ना?" कोणी हसलं नाही. गणपतवरचा राँग साइडचा आरोप निघाला. लायसन्स राहिलं.

आता माझ्या वर्गात नियम आहे: पूर्व-पश्चिम लिहायचं तर सूर्याची की रुळांची ते लिहा, आणि माणसाला विचारायचं तर तोंड विचारा. नव्या तुकडीला मी ही गोष्ट सांगते तेव्हा म्हात्रेकाका, निवृत्त झाले तरी, बोलावलं की येतात आणि शेजारी बसून स्वतःच्या चुकीची जाहिरात करतात. दर वेळी चूक जरा मोठी होते. हल्लीच्या आवृत्तीत टेम्पोच्या जागी ट्रक आहे.

टेम्पो सुटला त्या दिवशी दौलतशेठ मिठाईचा खोका घेऊन आले. पोलिसांनी तो घेतला नाही, म्हणून तो गणपतला मिळाला. मग शेठ स्वतः केबिनमध्ये चढून गणपतच्या शेजारी बसले.

"साईं, आज मी पण येतो. बघू तरी माझा ड्रायव्हर कसा चालवतो."

गणपतने चावी फिरवली. एवढे दिवस उभा राहिलेला टेम्पो दोनदा खोकला आणि सुरू झाला. आम्हीही पश्चिमेला, रुळांच्या पश्चिमेला, निघालो होतो. जीप त्याच्याच मागे लागली.

गणपतने टेम्पो अशा काही बेताने काढला की शेजारून चालणारी एक बाई भाजीची पिशवी घेऊन पुढे निघून गेली. तो आपल्या कडेने, मेडिकलवरून, वडापावच्या गाडीवरून, इंच इंच पुलाकडे सरकत होता. केबिनमधून दौलतशेठचा हात बाहेर येऊन हवेत 'चलो चलो' करत होता, आणि टेम्पोला त्याचं काही नव्हतं. मागे रिक्षा अडकल्या, बस अडकली, रांग थेट ठाण्यापर्यंत गेली.

आमच्या जीपच्या ड्रायव्हरचा हात हॉर्नवर गेला.

"राहू द्या," गावंडे मॅडम म्हणाल्या. "जाऊ द्या त्याला त्याच्या हिशोबाने."

ड्रायव्हरने हात काढून घेतला. आम्ही त्याच्या मागोमाग, तितक्याच हळू, पुलावर चढलो.